एडगर विल्चर आणि माझ्या भावाचे स्पीकर

इतिहास शिकवणाऱ्या बाईने स्पीकरवर काय म्हणून लिहावं, असं काही जणांना वाटेल. पण गेले तीन महिने एका जुन्या स्पीकरने आणि तो बनवणाऱ्या माणसाने मला असं काही गुंतवून ठेवलंय की हातातलं दुसरं वाचन बाजूलाच पडलं. आणि हाही इतिहासच आहे की! राजे नाहीत, तह नाहीत, सनावळी मात्र भरपूर आहे. मला सनावळी आवडते. माझ्या विद्यार्थ्यांना आवडत नसे, तो भाग वेगळा.

आधी थोडी ओळख करून देते. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. चांगल्या स्पीकरच्या लाकडी पेटीत एक नव्हे, दोन-तीन स्पीकर असतात. खर्जाचे, पखवाजाच्या थापेचे आवाज काढायला मोठा, त्याला वूफर म्हणतात. अगदी बारीक आवाज काढायला लहान, तो ट्वीटर. इंग्रजीत ट्वीट म्हणजे चिमणीची चिवचिव आणि वूफ म्हणजे कुत्र्याचं भुंकणं, त्यावरून ही नावं पडली. पेटीच्या आत क्रॉसओव्हर नावाची एक जोडणी असते. घरात वाटणी व्हावी तशी ती आलेल्या विजेची वाटणी करते : ढाला आवाज वूफरला, मधला मधल्याला, बारीक ट्वीटरला. प्रत्येकाच्या पोटात रचना मात्र एकच. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, आणि कॉइलला चिकटलेला पडदा. कॉइलमधून गाण्याची वीज गेली की ती पुढेमागे हलते, पडदा हवा हलवतो, आपल्याला गाणं ऐकू येतं. १९२५ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी कागदी शंकूचा असा स्पीकर मांडला. त्याला शंभर वर्षं झाली, मूळ कल्पना अजून तीच आहे.

आता ट्वीटर गेला तर नेमकं काय जातं? गाणं जात नाही. हे मला आधी पटत नव्हतं. ट्वीटर बंद पडला तरी भीमसेनांचा आवाज ऐकू येतो, ठेका कळतो, शब्दही बरेचसे कळतात. जाते ती वरची झळाळी. आम्ही सांगलीकर, मिरज हाकेच्या अंतरावर. तिथल्या सतारमेकरांच्या गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे लगेच कळेल. घोडीचा पृष्ठभाग कानसून, तारेखाली सुताचा दोरा पुढेमागे सरकवून कारागीर ऐकत बसतो. मूळ स्वर तोच असतो, पण दोरा नेमक्या जागी आला की त्या स्वरावर एकाएकी मधमाशांचं मोहोळ उठतं. ते वरचे स्वर, एकावर एक चढत जाणारे. ट्वीटर गेलेल्या स्पीकरवर तंबोरा ऐकणं म्हणजे दोरा काढून घेतलेला तंबोरा ऐकणं. शिवाय तबल्याच्या चाटीची किनार जाते, झांजेची शेपटी जाते आणि बोलण्यातले स, श बोथट होतात.

हा बारीक आवाज काढणं फार अवघड, आणि अवघड का ते सांगते. सेकंदाला दहा हजार कंपनं असलेल्या आवाजाची एक लहर हवेत साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब असते. आवाज काढणारा पडदा त्या लहरीपेक्षा मोठा असला की आवाज खोलीभर पसरत नाही, बॅटरीच्या झोतासारखा समोर सरळ जातो. झोतात बसलेल्याला कर्कश वाटतं, बाजूच्याला काहीच मिळत नाही. म्हणजे पडदा लहान हवा. पण कागदी शंकू लहान केला की त्याची कॉइलही इवलीशी होते आणि इवलीशी कॉइल तापून जळते. यावर अनेकांनी अनेक उपाय केले. कोणी कर्णे लावले, तर आर्थर यानझेन यांनी कॉइलच काढून टाकून विजेच्या उच्च दाबावर थरथरणारा पातळ पडदा केला.

एडगर विल्चर इथे येतो. (इतिहासातल्या माणसांना आम्ही वर्गात एकेरीच म्हणायचो, तशीच सवय आहे. राग नसावा.)

विल्चर जन्मला १९१७ साली, न्यूयॉर्कमध्ये. शिकला काय? इंजिनिअरिंग नव्हे, कलेचा इतिहास! नाटकाचं नेपथ्य करावं असं त्याच्या मनात होतं. दुसरं महायुद्ध आलं, लष्कराने त्याला इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं आणि न्यू गिनीत रेडिओ-रडारच्या देखभालीवर पाठवलं. युद्ध संपल्यावर त्याने न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये रेडिओदुरुस्तीचं दुकान टाकलं आणि न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनीच्या पुनर्निर्मितीवर संध्याकाळचे वर्ग घेतले. बी.ए. झालेल्या आणि जन्मभर फळ्यापुढे उभं राहिलेल्या मला या माणसाविषयी आपुलकी वाटली ती इथे. विषय शिकवायला घेतला की त्यातलं काय आपल्याला नीट कळलेलं नाही ते बरोबर समोर येतं. विल्चरला शिकवता शिकवता एक गोष्ट खटकायला लागली : वूफरच्या पडद्याला जागेवर आणणारी कडेची स्प्रिंग ताठ असते, एकसारखी ताणली जात नाही, म्हणून खर्जाचा आवाज फाटतो. मग ती स्प्रिंग अगदी ढिली केली आणि पेटी पूर्ण हवाबंद करून आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचं काम दिलं तर? हवा एकसारखी दबते, एकसारखी फुगते. नमुना करताना कडेला मऊ कापड हवं होतं. ते निघालं जुन्या गादीच्या खोळीतून आणि शिवण्या-कातरण्याचं काम केलं त्याची बायको रोझमेरी हिने. माझ्या माहितीतले बरेच शोध असेच स्वयंपाकघर आणि माळा यांच्या मध्ये कुठेतरी लागलेले आहेत, पण पाटी नेहमी एकाच्याच नावाची लागते.

त्याच्या वर्गात हेन्री क्लॉस नावाचा विद्यार्थी होता. मॅसॅच्युसेट्सच्या केंब्रिज गावात त्याची स्पीकरच्या पेट्या बनवण्याची जागा होती. दोघांनी मिळून १९५४ साली तिथे अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली, लोक तिला एआर म्हणत. पहिला स्पीकर एआर-१. त्याआधी असा खर्ज काढायला कपाटाएवढी पेटी लागे, आता ती फडताळात बसायला लागली. हवाबंद पेटीचं पेटंट १९५६ मध्ये मिळालं. खालचा प्रश्न सुटला, पण वरचा होता तिथेच. एआर-१ मध्ये वरच्या आवाजासाठी दुसऱ्याच कंपनीचा आठ इंची स्पीकर बसवलेला होता आणि काही लोक एआरच्या वूफरवर यानझेनचा ट्वीटर ठेवून काम भागवत.

१९५८ साली विल्चरने एआर-३ बाजारात आणला आणि त्यात घुमटाकार ट्वीटर होता. त्यातली युक्ती ऐकायला अगदी साधी आहे. पडद्याचा शंकूच काढून टाकला. कॉइलच्या तोंडावर टोपीसारखा एक कडक घुमट चिकटवला आणि तो घुमट हाच पडदा. म्हणजे पडदा लहान झाला पण कॉइल लहान झाली नाही, दोन्हींचा घेर एकच! कॉइल मोठी, तिची उष्णता शेजारच्या लोखंडात जिरायला जागा जास्त, आणि आवाज झोतासारखा न जाता खोलीभर पसरतो. १९६७ च्या एआर-३ए मध्ये हा घुमट आणखी लहान झाला, पाऊण इंचाचा. आपलं जुनं पंचवीस पैशांचं नाणं असायचं, तेवढा. पाच हजार हर्ट्झच्या वरचं सगळं त्या नाण्याच्या वाट्याला. आज जगात कुठल्याही चांगल्या स्पीकरची जाळी काढून बघा, बहुतेकांत घुमटच सापडेल. कधी रेशमी कापडाचा, कधी ॲल्युमिनियमचा. एआर-३ ची एक जोडी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

एआरची विक्रीची रीत मला फार आवडली. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल रेल्वे स्थानकात त्यांची एक ऐकण्याची खोली होती. आत यायचं, बसायचं, गाणं ऐकायचं, उठून गाडी पकडायची. तिथे काही विकतच नसत. दुसरं म्हणजे त्यांनी केलेल्या जाहीर परीक्षा. फाइन आर्ट्स क्वार्टेट हे चार वादकांचं मंडळ रंगमंचावर बसून वाजवायचं. वाजवता वाजवता मध्येच ते नुसते गज फिरवत आणि आवाज एआर-३ मधून यायचा, मग पुन्हा खरं वादन. श्रोत्यांनी ओळखायचं की आता कोण वाजवतंय. बहुतेकांना ओळखता येत नसे. यातली एक बारीक गोष्ट सांगते. त्यासाठीचं ध्वनिमुद्रण सभागृहात करून चाललं नसतं. एका सभागृहाचा घुमारा फितीत येणार, त्यावर दुसऱ्या सभागृहाचा घुमारा चढणार, आणि चोरी पकडली जाणार. म्हणून ते मोकळ्या हवेत केलं. परीक्षा घेणारा माणूस स्वतःची परीक्षा इतक्या काळजीने देतो हे पाहून बरं वाटलं.

आता माझ्या भावाकडे येते. तो हे वाचणार आहे आणि त्याच्या परवानगीनेच लिहिते आहे. (परवानगी म्हणजे, "लिही, तसंही तू ऐकणार आहेस थोडीच" असं तो म्हणाला.) तो १९७२ साली शिकायला बॉस्टनला गेला. शिक्षण झालं, नोकरी लागली आणि १९७४ मध्ये पहिल्या मोठ्या पगारातून त्याने एआर-३ए ची जोडी घेतली. आईला पत्रात किंमत कळवली नव्हती. एकेक पेटी चोवीस किलोची, दुसऱ्या मजल्यावर मित्राच्या मदतीने चढवली. दर खेपेला इथून तो एलपी न्यायचा, कपड्यांच्या घडीत घालून. कुमारजी, भीमसेन, किशोरीताई. परक्या देशातल्या पहिल्या हिवाळ्यांत माणसाला जे धरून ठेवतं ते ज्याचं त्याला ठाऊक. त्याच्यासाठी ते हे होतं. वहिनी गेल्यानंतरच्या चार वर्षांत तर संध्याकाळी तासभर स्पीकरसमोर बसणं हा त्याचा नेमच झाला.

या वर्षी त्याने तक्रार सुरू केली की दोन्ही स्पीकर "मेले". आवाज येतो, पण जीव नाही. माझी पुतणी जवळच राहते, शाळेत विज्ञान शिकवते. (घराण्याचा रोग!) तिने वडिलांचं म्हणणं तसंच धरून नवे स्पीकर मागवले नाहीत, आधी तपासलं. ते तिने कसं केलं हे मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण जुने स्पीकर माळ्यावर असलेले वाचक थोडे नसतील.

पहिली गोष्ट, मागची बटणं. एआर-३ए च्या पाठीला दोन बटणं असतात, मधल्या आणि बारीक आवाजाची पातळी कमीजास्त करायला. आत तारेवर फिरणारा धातूचा स्पर्श असतो. पन्नास वर्षांत त्यावर गंज किंवा हिरवट कीट चढणारच. कितीतरी "मेलेले" ट्वीटर मेलेले नसतातच, बटणाच्या गंजाने त्यांचा पुरवठा तोडलेला असतो. बटण दहा-वीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि कान लावून ऐकायचं. खरखर होऊन मध्येच आवाज आला तर ट्वीटर जिवंत आहे. दुसरी गोष्ट, स्वतःच्या कानावर विसंबायचं नाही. हल्ली मोबाइलवर आवाजाचा आलेख दाखवणारं ॲप मिळतं. एका वेळी एकच स्पीकर चालू ठेवून, सात-आठ हजार हर्ट्झचा सूर लावून, फोन ट्वीटरसमोर धरायचा. आलेखात सुळका उठला तर ट्वीटर बोलतो आहे.

तिसरी गोष्ट मल्टीमीटर. इथे एक गोम आहे. पेटीच्या मागच्या स्क्रूंवर मीटर लावून ट्वीटर तपासता येत नाही, कारण वाटेत क्रॉसओव्हरचा कपॅसिटर बसलेला असतो आणि तो मीटरची वीज पुढे जाऊच देत नाही. ट्वीटरच्या वायरी सोडवून थेट त्याच्यावरच मीटर लावावं लागतं. काही ओहम दाखवले तर कॉइल सलग आहे. काटा जागचा हललाच नाही तर तार कुठेतरी तुटली आहे किंवा जळली आहे. तुटलेली तार बाहेरच्या बाजूला असली तर भिंगाखाली धरून, धीर असेल तर, सोल्डरने जोडता येते. केसासारखी असते. जळलेली कॉइल मात्र जोडता येत नाही.

पुतणीने बटणं फिरवली, आलेख काढला, मीटर लावलं. निकाल असा निघाला : डाव्या पेटीतला ट्वीटर जळला आहे. उजव्या पेटीतला ठणठणीत आहे.

"पण बाबा म्हणतात उजवाही गेलाय," तिने मला फोनवर सांगितलं. "आत्या, आठ हजारचा सूर चालू होता. मला तो कानात सुईसारखा टोचत होता. बाबा माझ्याकडे बघत होते, सुरू कर म्हणून."

मी काही बोलले नाही. तीही बोलली नाही.

मग तिने अँप्लिफायर पाहिला. ट्रेबलचं बटण, म्हणजे बारीक आवाज वाढवायचं, पार शेवटपर्यंत फिरवलेलं होतं. केव्हापासून कोण जाणे. आता हे गणित बघा. संगीतातली बहुतेक ताकद खालच्या आणि मधल्या सुरांत असते, वर अगदी थोडी. त्या थोडक्या ताकदीच्या हिशेबानेच ट्वीटरची तार बारीक ठेवलेली असते. अशी बटणं साधारण दहा डेसिबल वाढवतात. ऐकायला दहा हा आकडा किरकोळ वाटतो, पण दहा डेसिबल म्हणजे दसपट वीज! वर आवाजही मोठा ठेवलेला. अँप्लिफायरची ताकद संपली की खर्जाची लाट वरून कापली जाते, तो तिथेच थांबतो. बारीक सूर मात्र वाढतच राहतात आणि कापलेल्या लाटेतून आणखी नवे बारीक सूर तयार होतात. ते सगळं जातं पंचवीस पैशाएवढ्या घुमटामागच्या तारेत. लोक म्हणतात मोठ्या अँप्लिफायरने स्पीकर जळतात. ट्वीटर बऱ्याचदा लहान अँप्लिफायर ताणल्यानेच जळतो.

म्हणजे क्रम असा. ट्वीटर बिघडला म्हणून ऐकू येईनासं झालं नाही. ऐकू येईनासं झालं म्हणून बटण फिरत गेलं, आणि बटण फिरत गेलं म्हणून ट्वीटर जळला.

पुढचा वाद बदलायचं काय आणि कसं याचा. भावाला मूळचाच ट्वीटर हवा होता. जुने सुटे मिळतात, पण तेही पन्नास वर्षांचेच, आणि मूळ कारखाना राहिलेला नाही. विल्चरने १९६७ मध्येच कंपनी टेलिडाइनला विकली, नंतर ते नाव बऱ्याच हातांतून फिरलं. जुन्या घुमटावर नवी कॉइल गुंडाळून देणारे कारागीर अमेरिकेत थोडे आहेत, पण त्यांच्याकडे रांग असते. पुतणीचं म्हणणं, त्याच मापाचा आजचा घुमट बसवावा. त्यातही अडचणी आहेत. आजचे ट्वीटर तेवढ्याच विजेत जास्त मोठ्याने बोलतात, म्हणून रेझिस्टर घालून त्यांना जरा खाली बसवावं लागतं. आणि एकच बदलून चालत नाही, दोन्ही बदलावे लागतात. नाहीतर एका कानाला १९७४ आणि दुसऱ्याला आजचं साल ऐकू येणार.

या वादात माझं मत विचारलं गेलं, म्हणून मी दिलं. जुन्या वास्तूंची डागडुजी करणारे एक पथ्य पाळतात : नवं काम असं करावं की उद्या कोणाला ते काढून जुनं परत बसवता आलं पाहिजे. लाकूड कोरायचं नाही, भोक मोठं करायचं नाही, जुना भाग फेकायचा नाही. पेटी बोलती ठेवायची असेल तर नवा घुमट बसवा, पण उजवीकडचा जिवंत आणि डावीकडचा मेलेला, दोन्ही ट्वीटर कापसात गुंडाळून, तारीख लिहून पेटीजवळच ठेवा. भाऊ म्हणाला, "ताई, तू त्यांचं वस्तुसंग्रहालय करणार." पण मानलं. रेझिस्टर किती ओहमचा हे ठरवताना "मला कळेल ना" असं तो म्हणाला आणि मग स्वतःच गप्प झाला. ती पातळी शेवटी पुतणीच्या कानाने आणि आलेखाने ठरली.

आता विल्चरच्या आयुष्याचा उत्तरार्ध. खरं तर मला त्यासाठीच हे लिहायचं होतं.

कंपनी विकल्यावर तो पन्नाशीचा होता. न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉक गावी त्याचं घर होतं, तिथेच प्रयोगशाळा केली आणि विषय घेतला बहिरेपणाचा. म्हातारपणी कानाचं काय होतं ते आधी सांगते. आतल्या कानात शंखाच्या आकाराची नळी असते, तिच्यात साधारण पंधरा हजार केसपेशी. नळीच्या दाराशी बसलेल्या पेशी बारीक आवाजाच्या, अगदी आतल्या खर्जाच्या. दाराजवळच्या आधी जातात. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात असं १९८० च्या दशकात आढळलं. माणसांत उगवत नाहीत. म्हणून म्हाताऱ्याला माणूस बोलतोय हे ऐकू येतं, पण काय बोलतोय ते कळत नाही. स्वर ऐकू येतात, स, श, फ, थ निसटतात. वर आणखी एक विचित्र गोष्ट होते. हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा वाटतो. "जरा मोठ्याने बोल" म्हणतो, आणि मोठ्याने बोललं की "ओरडतोस कशाला" म्हणून खेकसतो. घरोघरी यावरून भांडणं होतात आणि लोकांना वाटतं म्हातारा मुद्दाम करतोय.

दाराची कल्पना करा. चौकटीची वरची पट्टी आहे तिथेच आहे, पण खालचा उंबरठा वर वर आला आहे. पूर्वी ज्या दारातून उंट जायचा तिथून आता वाकून जावं लागतं. जुनी श्रवणयंत्रं काय करायची? सगळाच आवाज सारखा उचलायची. हळू आवाज उंबरठा ओलांडायचा खरा, पण मोठा आवाज वरच्या पट्टीवर आपटायचा. लोक यंत्र काढून कपाटात ठेवत. विल्चर म्हणाला, आवाज दाबून बसवा : हळू तो खूप उचला, मोठा तो जवळजवळ तसाच सोडा. आणि उंबरठा खर्जात कमी, बारीक आवाजात जास्त वर आलेला असतो, तेव्हा आवाजाचे दोन भाग करा आणि प्रत्येकाला वेगळं दाबा. हे वाचताना मला हसू आलं. दोन भाग करा, ज्याचं त्याला द्या. क्रॉसओव्हरच की हा, फक्त पेटीऐवजी कानात! १९७३ साली अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात त्याने हे मांडलं. चांगल्या कानाच्या माणसाला असा बहिरेपणा कसा लागतो, हे ऐकवणारी ध्वनिमुद्रणंही केली. पेटंट घेतलं नाही, कोणीही वापरावं म्हणून सोडून दिलं. पुढे बेल लॅब्जच्या इंजिनिअरांनी ही वाट धरली आणि आज कानामागे बसणाऱ्या डिजिटल यंत्रांत आवाजाचे दोन सोडून कितीतरी भाग करून प्रत्येकाला वेगळं दाबलेलं असतं. विल्चर २०११ मध्ये वुडस्टॉकलाच गेला, चौऱ्याण्णव वर्षांचा होऊन.

मला दोन वर्षांपूर्वी असं यंत्र बसलं. पहिल्या आठवड्यात मी वैतागले होते. वर्तमानपत्राचं पान उलटलं की कडाकड आवाज, नळ सोडला की धबधबा, स्वतःच्याच पदराची सळसळ. तंबोरा तर पहिले काही दिवस पत्र्याचा लागला. यंत्राची पातळी तीनदा बदलून घ्यावी लागली. मग एके दिवशी सकाळी फोडणीतली मोहरी थांबल्याचं ऐकू आलं. तडतड ऐकू येणं सोपं असतं, ती थांबल्याचं कळायला कान लागतो. हे सगळं मी भावाला तेव्हाही सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "मला गरज नाही, मी अजून गाणं ऐकतो."

तो गाणं ऐकतो हे खरंच आहे. पन्नास वर्षं त्याच बंदिशी त्याच पेट्यांवर ऐकल्या आहेत. जिथे आवाज येत नाही तिथे आठवण येत असणार. मला त्याच्याशी या बाबतीत भांडावंसं वाटत नाही. पण वहिनी गेल्यापासून त्याची माणसंही कमी झाली आहेत. गटात बोलणं चाललं की तो हसून मान हलवतो. प्रश्न विचारला तर भलत्याचंच उत्तर देतो. नातवंडं आजोबांच्या खोलीत फारशी बसत नाहीत, कारण तिथे आवाज कानाला बोचतो. स्पीकरच्या बटणाने त्याची आणि त्यांची दोघांची सोय एकदम होत नाही, आणि विल्चरला हे १९७३ मध्येच कळलं होतं. खोलीतला आवाज वाढवायचा नाही, ज्याचा उंबरठा वर आलाय त्याच्या कानातच तो बसवायचा. बाळा, मोठी बहीण म्हणून एवढंच सांगते. स्पीकरची तपासणी मीटर लावून झाली, तशीच कानाचीही आलेख काढून होते. अर्धा तास लागतो, दुखत नाही. आणि तुझ्या लाडक्या स्पीकरचा ज्याने घुमट केला त्याच माणसाचं ते काम आहे, परक्या कोणाचं नाही.

पेटी परत बंद करताना एक काळजी घ्यावी लागते, ती राहून जायला नको. ट्वीटर बदलताना क्रॉसओव्हरपर्यंत हात पोचायला आधी वूफर काढावा लागतो आणि आतली काचेची लोकर उपसावी लागते. हातमोजे घालून, नाहीतर दोन दिवस अंग खाजतं. परत बसवताना ती सगळीच्या सगळी आत गेली पाहिजे. कडेला पुट्टीची वळी लावून वूफर आवळायचा, कारण या पेटीची स्प्रिंग म्हणजे आतली हवा आणि हवा गळली तर विल्चरची सगळी मेहनत वाया. वूफरचा पडदा दोन्ही हातांच्या बोटांनी अलगद आत दाबायचा आणि सोडायचा. तो सावकाश बाहेर आला तर पेटी हवाबंद आहे, चटकन उसळला तर कुठेतरी गळती आहे. पुतणीने दोन्ही पेट्यांवर हे केलं. डावीकडची एकदा उघडून परत पुट्टी लावावी लागली.

श्रवणचाचणीची वेळ पुढच्या महिन्यातल्या मंगळवारची मिळाली आहे. भाऊ "बघू" म्हणाला आहे. तोवर अँप्लिफायरचं ट्रेबलचं बटण पुतणीने मधोमध आणून त्यावर चिकटपट्टी लावून ठेवली आहे.